गवत आपलं, लोणी मुंबईचं

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटा, मग निवांत बसा. आजचा विषय आहे चरबी. दुधातली, तुपातली, मटणातली, अंड्यातली आणि मासळीतली. तुम्ही म्हणाल, चरबीत ऐकण्यासारखं काय आहे? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक गोष्ट निघाली. बोईसरला चाळीत राहणारी आमची एक वहिनी म्हणाली, "ह्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, चरबी कमी करा. मी घरातून तूप, अंडी, मच्छी, दुधाची साय सगळंच बंद केलं. एकाला वेगळं आणि दुसऱ्याला वेगळं कुठे रांधत बसू?" हे सांगताना तिच्या मांडीवर दीड वर्षाची नात होती. पोर हडकुळी दिसत होती.

तिच्या शेजारी जव्हारकडची एक ताई बसली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे तर उलटंच. अंगणवाडीताई सांगते, पोरीचं वजन भरत नाही, तिच्या भातात चमचाभर तूप नाहीतर तेल घाला, अंडं खायला द्या."

एका बाईला सांगितलं चरबी कमी करा, दुसरीला सांगितलं चरबी घाला. मग खरं कोणाचं? बैठकीत एकच गलका झाला. शेवटी आम्ही ठरवलं की याचा छडा लावायचा. आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारलं, म्हाताऱ्यांना बोलतं केलं, पुस्तकं वाचून घेतली. तेव्हा कळलं की दोन्ही सांगणं खरं होतं. घोळ होता तो आपल्या एका समजुतीत. चरबी म्हणजे एकच वस्तू, असं आपण धरून चालतो. आणखी एक गोष्ट कळली. आपल्या पालघर भागात कोणती चरबी कोणाच्या ताटात जायची, हे पुष्कळ वर्षं आपल्या चुलीवर ठरलंच नाही. ते बाजारात ठरलं, मुंबईत ठरलं. तो इतिहास आज सांगतो.

आधी चरबीची जात ओळखू या. त्यासाठी प्रयोगशाळा नको, आपलं स्वयंपाकघर पुरे. रात्री उरलेला मटणाचा रस्सा सकाळी बघा. वर पांढरा, कडक थर बसलेला असतो. कोंबडीच्या रश्श्यावरचा थर पिवळा आणि मऊ असतो, बोट लावलं तर पसरतो. तूप थंडीत घट्ट होतं, उन्हाळ्यात पातळ होतं. आणि तारली किंवा बांगडा तव्यावर टाकला की जे तेल सुटतं, ते थंड झालं तरी पातळच राहतं.

सगळी गंमत या थिजण्यात आहे. जी चरबी लवकर थिजते तिच्यात शास्त्रज्ञ ज्याला संपृक्त म्हणतात तो भाग जास्त असतो. जी पातळ राहते तिच्यात असंपृक्त भाग जास्त असतो. कोणतीही चरबी शंभर टक्के एका जातीची नसते, ती मिसळच असते. दुधाच्या चरबीत साधारण दोन तृतीयांश भाग संपृक्त. मटणाच्या चरबीत जवळजवळ निम्मा. कोंबडीच्या आणि अंड्याच्या चरबीत साधारण एक तृतीयांश. मासळीच्या चरबीत त्याहूनही कमी. मासा थंड पाण्यात जगतो. त्याच्या अंगातली चरबी तुपासारखी थिजली असती तर तो हलला असता का?

हे कोडं पहिल्यांदा नीट उलगडलं ते फ्रान्समधल्या मिशेल शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने जनावरांच्या चरबीपासून साबण केला, तो पुन्हा फोडला आणि चरबी कशाकशाची बनते ते पाहिलं. १८२३ साली त्याने जनावरांच्या चरबीवर मोठं पुस्तक छापलं. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि त्याला जोडलेली वेगवेगळी आम्लं, हे त्याने दाखवलं. ही आम्लं बदलली की चरबीचा स्वभाव बदलतो. तोच हा थिजण्याचा आणि न थिजण्याचा फरक. हा माणूस स्वतः १०२ वर्षं जगला.

आता आपल्या भागाकडे येऊ. शेव्ह्रलच्या पुस्तकानंतर चाळीसेक वर्षांनी, १८६० च्या दशकात, मुंबई ते गुजरात रेल्वे सुरू झाली. ती पालघर, बोईसर, डहाणूवरून जाते. गाडी आली आणि मुंबईची भूक आपल्या दारात आली. मुंबई वाढत होती. तिला दूध हवं होतं, म्हणून शहरात ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते. त्या म्हशींना चारा लागायचा. चारा कुठला? आपल्या डोंगरांवरचा. पावसाळा सरला की वारली बाया आणि पुरुष गवत कापायचे. त्याचे गठ्ठे बांधले जायचे आणि गाडीने मुंबईला जायचे. म्हैस मुंबईची, पण तिच्या पोटात गवत आपलं. त्या गवताचं दूध व्हायचं, दुधाचं लोणी व्हायचं, आणि ते लोणी मुंबईच्या ताटात पडायचं. ज्या हातांनी गवत कापलं, त्यांच्या ताटात कधी नुसती नाचणीची आंबील असायची, तर कधी तीही नसायची.

याच गवतावरून आपल्या भागात मोठा लढा झाला. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे तिथे उभे राहिले. वेठबिगार बंद, ही पहिली मागणी. मग गवतकापणीचा मोसम आला तेव्हा मजुरीचा प्रश्न आला. ५०० पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये द्या, अशी मागणी करून लोकांनी कापणी थांबवली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळी चालवली. जेठ्या गांगड आणि आणखी काही जण त्यात मारले गेले. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही सगळी हकिकत लिहिली. पुस्तकात ती मजुरीची लढाई आहे आणि ते बरोबरच आहे. आम्ही मात्र बैठकीत ती हकिकत ऐकली तेव्हा आमच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "म्हणजे आमच्या आज्यांनी कापलेलं गवतच लोकांनी लोणी म्हणून खाल्लं का?" आम्ही म्हटलं, हो आजी, तसंच म्हणायचं.

लढ्यानंतरच्याच वर्षी, १९४६ साली, मुंबईत दुधाबद्दल एक नवी युक्ती निघाली. म्हशीचं दूध घट्ट. त्यात ६ ते ७ टक्के फॅट असतं, गायीच्या दुधात साधारण ४ टक्के. घट्ट दूध महाग पडायचं, गरिबाला परवडायचं नाही. तेव्हा सरकारच्या दूध खात्यातले दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायला सुरुवात केली. पाण्याने फॅट कमी झालं, पावडरीने दुधाचा कस म्हणजे प्रथिनं टिकून राहिली. तेच टोन्ड दूध. आज आपण पिशवीवर हा शब्द वाचतो, तो आपल्या शेजारच्या मुंबईत जन्माला आला. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी झाली आणि शहरातले तबेले तिकडे हलवायला सुरुवात झाली. खुरोडी यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरे भरली, तरी मुंबईत गुरं उरलीच. मग सरकारची नजर आपल्याकडे वळली. तलासरी आणि डहाणूच्या सीमेवर दापचरीला मोठा दुग्धप्रकल्प झाला. मुंबईतली गुरं इकडे आणायची, इथे चारा पिकवायचा आणि दूध परत मुंबईला न्यायचं, असा तो बेत. त्यासाठी इथल्या लोकांच्या जमिनी गेल्या. पुढे प्रकल्प मंदावत गेला. आज दापचरीच्या बाजूने जाताना पडके गोठे दिसतात. म्हणजे आधी गवत मुंबईला गेलं, मग मुंबईच्या म्हशी गवताकडे आल्या, पण दूध दोन्ही वेळेला मुंबईलाच गेलं.

आता तुम्ही विचाराल, टोन्ड दूध चांगलं की वाईट? याचं उत्तर पिणाऱ्यावर आहे. आज पिशवीचे प्रकार असे आहेत: फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, स्टँडर्डमध्ये साडेचार, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. २०० मिलीचा एक पेला म्हशीचं दूध घेतलं तर १२-१३ ग्रॅम चरबी पोटात जाते आणि त्यातली ८ ग्रॅमच्या आसपास संपृक्त असते. टोन्ड दुधाच्या पेल्यात ६ ग्रॅम चरबी, संपृक्त साधारण ४. ज्याला छातीचा त्रास आहे त्याला टोन्ड दूध बरं. पण ज्या पोराचं वजन भरत नाही, त्याला घट्ट दूध मिळालं तर त्याचा फायदा होतो. आणखी एक गोष्ट. अ आणि ड ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, म्हणून साय काढली की तीही सायीबरोबर जातात. म्हणून आता पुष्कळ पिशव्यांमधल्या दुधात ही जीवनसत्त्वं वेगळी घालतात. पिशवीवर '+एफ' असा शिक्का दिसला तर समजा ती घातलेली आहेत.

दूध मुंबईला गेलं. मग बदल्यात मुंबईहून आपल्याकडे कोणती चरबी आली? म्हाताऱ्यांना विचारलं तर एकच नाव निघालं, डालडा.

त्याची गोष्ट अशी. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती पेटंट केली. म्हणजे न थिजणाऱ्या चरबीला थिजायला लावलं. पुढे हॉलंडहून असं घट्ट केलेलं तेल आपल्या देशात तुपाच्या जागी येऊ लागलं. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना निघाला आणि १९३७ च्या सुमारास डालडा बाजारात आला. दिसायला तुपासारखा, रवाळ, भाव तुपापेक्षा कमी. लग्नाच्या पंगती, लाडू, पुऱ्या, सगळं त्यातच होऊ लागलं. नाव इतकं रुजलं की कोणत्याही वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणायला लागलो.

लबाड व्यापारी तो खऱ्या तुपात मिसळायचे. गांधीजींनी 'हरिजन'मधून यावर टीका केली. भेसळ ओळखता यावी म्हणून सरकारने नियम केला की वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचं तेल घालायचंच. का? तिळाच्या तेलाचा एक गुण आहे. ठरावीक रसायनं घातली की त्याला लालसर रंग येतो. तुपाची तपासणी केली आणि लाली आली, की समजायचं, यात वनस्पती आहे. गायीम्हशीला तिळाचं तेल कुठून येणार!

पण खरी खोड भेसळीत नव्हती, ती घट्ट करण्याच्या पद्धतीत होती आणि ती कळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात एक वाकडी जात तयार होते. तिला ट्रान्स फॅट म्हणतात. गायीम्हशीच्या दुधात आणि मटणातही ही जात निसर्गतः असते, पण थोडीशीच. जुन्या वनस्पती तुपात ती भरपूर असायची. ही चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं कमी करते आणि हृदयाच्या नसा खराब करते. म्हणजे तूप महाग म्हणून गरिबाने जे घेतलं, ते तुपापेक्षा वाईट निघालं. आता कायद्याने त्यावर बंधन आलं आहे. तेल आणि चरबीत ट्रान्स फॅट ३ टक्क्यांहून जास्त नको असा नियम २०२१ मध्ये लागू झाला आणि जानेवारी २०२२ पासून ती मर्यादा २ टक्क्यांवर आली. तरी स्टेशनबाहेरच्या कढईत तेच तेल दिवसभर पुन्हा पुन्हा तापतं, त्यातली भजी आणि वडे रोज खाऊ नयेत. स्वस्त खारी आणि क्रीमची बिस्किटंही पोरांना सवयीने देऊ नका.

दुधाची गोष्ट डोंगराची. आता किनाऱ्याकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्याची सर्वांत चांगली चरबी समुद्रात आहे.

सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर, तारापूर, चिंचणी, वरोर, डहाणू. या गावांतल्या मांगेला, वैती आणि कोळी बायांना मासळीची चरबी शिकवायची गरज नाही. वलांडीवर काय वाळतं आणि काय खवटतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बोंबील का वाळतो? बोंबलात पाणीच पाणी, चरबी अगदी नावाला. ऊन लागलं की पाणी जातं आणि मागे राहतं ते प्रथिन. जवळा आणि करदीचंही तसंच. पण बांगडा किंवा तारली नुसत्या उन्हात टांगून बघा. त्यांच्या चरबीला हवा लागली की ती खवटते. म्हणून बांगडा मिठात मुरवून खारवतात. जी चरबी पातळ, तीच हवेने लवकर बिघडते. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जे सिद्ध केलं, ते आपल्या बायांनी वलांडीखाली उभं राहून ओळखलं होतं.

या पातळ चरबीत एक खास भाग असतो, त्याला ओमेगा-३ म्हणतात. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकेतल्या नवरा-बायकोने उंदरांना अजिबात चरबी नसलेलं खाणं दिलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खरखरीत झाली. त्यावरून कळलं की काही जातीची चरबी शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच मिळावी लागते. पुढे १९७० च्या दशकात डेन्मार्कचे बँग आणि डायरबर्ग हे दोन शास्त्रज्ञ ग्रीनलँडला गेले. तिथले लोक सील आणि मासळीची भरपूर चरबी खात होते. त्यांच्या रक्तात वेगळीच, मासळीतली चरबी सापडली. तेव्हापासून मासळीच्या चरबीकडे जगाचं लक्ष गेलं. ही चरबी पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागते. हृदयालाही ती चांगली.

मासळीच्या चरबीची किंमत आपल्या सरकारनेही एकदा ओळखली होती. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं कॉड माशाचं तेल बंद पडलं. तेव्हा आपल्या देशाच्या किनाऱ्यावर मुशीच्या काळजाचं तेल काढायला सुरुवात झाली. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. पोरांच्या डोळ्यांसाठी ते औषध म्हणून दिलं जायचं.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिनं लागली, बर्फ आला, सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. सातपाटीचा पापलेट लांबलांब जाऊ लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण इथेही गवताचीच गोष्ट घडली. मोठा पापलेट गाडीत चढला. घरात काय राहिलं? बारीक मासळी. आणि इथे मात्र नशीब आपल्या बाजूने आहे. जी मासळी स्वस्त म्हणून आपण कमी लेखतो, ती तारली, पेडवे आणि बांगडा, यांच्यात ओमेगा-३ पापलेटपेक्षा जास्त असतं. पापलेट विकून पैसे करायला हरकत नाही. बांगडा मात्र घरी ठेवा, आणि त्याचं कालवण करा. तेलात कडक तळला की माशाची चरबी थोडी आणि कढईतली जास्त पोटात जाते.

एक काळजी मात्र बोलायलाच हवी. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, मग बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. हजारो घरांना रोजगार मिळाला. पण रासायनिक सांडपाण्याने खाड्या आणि समुद्र खराब झाला, असं सांगत अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. तो लढा मासेमारांच्या पोटाचा तर होताच. पण तो आपल्या सगळ्यांच्या ताटाचाही आहे. किनाऱ्याजवळची स्वस्त मासळी संपली तर गरीब बाळंतिणीच्या ताटातून सर्वांत चांगली चरबी जाईल, आणि तिची जागा दुकानातलं काही भरून काढणार नाही.

बाळंतिणीचं नाव काढलं, तर आता मूळ वादाकडे येऊ.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुलं मोठ्या संख्येने दगावली. सगळ्या राज्यात त्याची चर्चा झाली. पोरांच्या पोटात अन्न पुरेसं जात नव्हतं आणि वर आजार. यात चरबीचा संबंध असा. भाताच्या किंवा भाकरीच्या पिठाच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात. चरबीच्या एका ग्रॅममधून ९. लहान मुलाचं पोट मुठीएवढं. नुसत्या पातळ पेजेने ते भरतं, पण अंगाला काही लागत नाही. त्याच पेजेत चमचाभर तूप किंवा तेल गेलं की तेवढ्याच घासात दुप्पट ताकद जाते. निसर्गानेही हेच केलं आहे. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ताकद चरबीतून येते. आणि ऐका, आईच्या दुधात कोणत्या जातीची चरबी येईल, हे आई काय खाते त्यावर ठरतं. आईने मासळी खाल्ली, तर ओमेगा-३ तिच्या दुधातून बाळाला मिळतं. म्हणून बाळंतिणीला मासळी बंद करणाऱ्या सासूबाईंना हे जरूर ऐकवा.

२०१५ च्या अखेरीस राज्यात आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण, आणि पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी. एका अंड्यात साधारण ५ ग्रॅम चरबी असते, त्यातली संपृक्त जेमतेम दीड ग्रॅम, आणि ती सगळी पिवळ्या बलकात. म्हणून पोराला बलक काढून देऊ नका. तुमच्या पाड्यावर अंडी येतात का, किती येतात, हे विचारणं आपला हक्क आहे.

आता वहिनीच्या नवऱ्याचं. कारखान्यात उभ्याने काम, पाळी, चहा-वडा आणि चाळीतली झोप. त्याला थिजणारी चरबी कमी हवी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या ताकदीतला दहावा हिस्साही संपृक्त चरबीतून येऊ नये. २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला म्हणजे २२ ग्रॅमपर्यंत. एका चहाच्या चमच्यातल्या तुपात अशी ३ ग्रॅम असते. म्हणजे वरणावरचं चमचाभर तूप त्याचं वैरी नाही. म्हशीच्या दुधाचे दोन पेले, मटणाची चरबी, रोजचा वडा, हे सगळं मिळून मर्यादा ओलांडते. त्याच्यासाठी टोन्ड दूध, चरबी आणि कातडी काढलेली कोंबडी, आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारलीचं कालवण. सुका बोंबील चालेल, पण रक्तदाब असेल तर मीठ सांभाळून. आणि त्याच्या औषधपाण्यात डॉक्टर सांगतील तेच शेवटचं.

वहिनी पुढच्या वेळी दवाखान्यात गेली तेव्हा तिने नीट विचारलं, "साहेब, कोणती चरबी बंद? आणि मच्छीचं काय?" डॉक्टर म्हणाले, मासळी खाऊ दे, तळलेली नको. घरी येऊन तिने दोन पातेली चढवली नाहीत. कालवण एकच केलं. नातीच्या भातावर तेवढं तूप वाढलं, नवऱ्याच्या भातावर वाढलं नाही. वेगळं रांधायचं नव्हतं, वेगळं वाढायचं होतं.

बायांनो, आपल्या आज्यांना हे ठरवता आलं नाही. त्यांनी कापलेलं गवत कोणाच्या ताटात लोणी होऊन गेलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. आज आपल्या हातात निदान वाढायची पळी आहे आणि बाजाराची पिशवी आहे. थोडं विकू, थोडं घरी ठेवू. पण काय विकलं आणि काय ठेवलं, हे समजून करू.

पुढच्या बैठकीत एक काम करा. एका वाटीत तूप, एकीत मटणाच्या रश्श्यावरची चरबी, एकीत कोंबडीची आणि एकीत बांगड्याचं सुटलेलं तेल आणा. थंडीच्या सकाळी चारही वाट्या शेजारी शेजारी ठेवा. कोणती थिजली, कोणती नाही, ते पोरीबाळींना दाखवा. मग प्रत्येकीने सांगा, आपल्या घरात कोणाच्या ताटात काय वाढायचं.

काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुन्हा भेटू.